वर्गातली लेक्चर्स रेकॉर्ड करून मुलांना द्यायची आहेत : माईक, फळा, फाइल, परवानगी

मलप्रभाकाठ
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पदवी कॉलेजसाठी विचारतोय. दिवसा बी.ए., बी.कॉम. चालतं, संध्याकाळी त्याच इमारतीत कम्युनिटी कॉलेजचे सहा महिन्यांचे कोर्स (अकाउंटिंग आणि घरगुती वायरिंग). जांबोटी, कणकुंबी, नंदगड बाजूच्या मुलांची बस चुकली की पहिला तास गेला. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना बी.कॉम.चं इंग्रजी एकदा ऐकून झेपत नाही, त्यांना तेच दोनदा-तीनदा ऐकायचं असतं. म्हणून तास रेकॉर्ड करून द्यायचं ठरतंय.

खोली ३० × २२ फूट, वर मंगळुरी कौलं, चार पंखे, हिरवा फळा १२ फूट रुंद. हाताशी दोन साधे अँड्रॉइड फोन आणि ऑफिसचा एक जुना लॅपटॉप. खर्चाला पाच हजारांच्या आत मंजुरी मिळेल. काहीजण म्हणतात थांबा, पुढच्या वर्षी चांगला कॅमेरा घेऊ. थांबावं का?

शहापूरचा_माईक
थांबू नका. कॅमेऱ्याने तुमचा प्रश्न सुटणारच नाही, कारण प्रश्न आवाजाचा आहे. चित्र जरा धूसर असलं तरी मूल ऐकतं. आवाज फुटका असला तर तिसऱ्या मिनिटाला बंद करतं.

मागच्या बाकावर ठेवलेला फोन आणि कॉलरला लावलेला माईक यांतला फरक बघा की. कॉलर माईक तोंडापासून २० सें.मी.वर, मागचा फोन ६ मीटरवर, म्हणजे अंतर ३० पट. सरांचा थेट आवाज फोनपर्यंत पोचेस्तोवर सुमारे ३० डेसिबलने पडतो. पंखा मात्र दोन्हीकडे तेवढाच ऐकू येतो, आणि फोन नेमका पंख्याखाली असला तर जास्तच. वर फोन आपोआप आवाज वाढवतो, त्यात पंखा, बाकांची करकर, भिंतींचा घुमारा सगळं वर येतं. ते नंतर सॉफ्टवेअरने पुरतं निघत नाही. घुमारा तर सहसा निघतच नाही.

सगळ्यात स्वस्त जोडणी अशी. वायरचा कॉलर माईक घ्यायचा आणि तो दुसऱ्या फोनला लावून फोन सरांच्या खिशात. फोनवर फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग. फळ्यासमोरचा पहिला फोन चित्र घेईल. दोन्ही चालू केले की सरांनी फळ्याजवळ उभं राहून एकदा टाळी वाजवायची, नंतर लॅपटॉपवर आवाजाच्या आलेखातलं टाळीचं टोक जुळवून दोन्ही एकत्र करायचे. वायर जमिनीवरून ओढायची भानगड नाही, सर मोकळे फिरतात.

घेताना पिन बघा. फोनला चार पट्ट्यांची पिन लागते, म्हणजे पिनेवर तीन काळ्या रेघा. कॅमेऱ्यासाठीच्या माईकला दोनच रेघा असतात. ती पिन फोनमध्ये बसते, पण फोन तिला माईक म्हणून ओळखत नाही आणि स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे रेकॉर्डिंग चालू ठेवून कॉलर माईकवर नखाने हळूच टिचकी मारा. ऐकताना ‘टक’ जोरात आलं तर माईक चालू आहे. बोयाच्या बीवाय-एम१ सारख्या माईकवर फोन आणि कॅमेरा यासाठी बटण असतं. त्याची वायर सहा मीटरची असते, ती गुंडाळून रबर लावून खिशात ठेवावी लागते. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचं अडॅप्टर लागेल, पण काही अडॅप्टर फक्त गाणी ऐकण्यापुरते चालतात. दुकानात आपला फोन, माईक आणि अडॅप्टर तिन्ही लावून टिचकी मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फळा_डस्टर
माईकवाल्या सरांचं म्हणणं अर्थशास्त्राला, इतिहासाला खरं. गणित, स्टॅटिस्टिक्स, अकाउंट्स यांत फळा दिसला नाही तर नुसत्या आवाजाचा उपयोग शून्य. ‘हे इकडे घेतलं, हे याच्यातून वजा केलं’ एवढंच ऐकून मुलाला काय कळणार?

फळा दिसणं हा हिशोबाचा भाग आहे, महागड्या कॅमेऱ्याचा नाही. १०८०पी (फुल एचडी) चित्रात रुंदीला १९२० ठिपके (पिक्सेल). तुमचा १२ फुटी फळा चौकटीत काठोकाठ बसवला तर दर मीटरला साधारण ५२५ ठिपके मिळतात. ५ सें.मी. उंचीचं अक्षर २६ ठिपक्यांचं होतं, ते नीट वाचता येतं. तोच फोन मागच्या भिंतीशी, २८ फुटांवर ठेवला तर चौकटीत ३५ फूट रुंदी येते, फळा तिच्या तिसऱ्या हिश्शात, आणि अक्षर ९ ठिपक्यांवर. त्यावर फाइल दाबली की खडूची बारीक रेघ पुसूनच जाते. डिजिटल झूम करून फायदा नाही, तेच ९ ठिपके ताणले जातात.

म्हणून फोन फळ्यापासून १० ते ११ फुटांवर हवा, पहिल्या-दुसऱ्या बाकाच्या मध्ये, उंची पाच फुटांच्या आसपास. बाकावर ठेवू नका, मुलं लिहायला लागली की चित्र हलतं. वाटेत स्टँड ठेवला तर पायात येतो. एका बाजूच्या खिडकीच्या गजाला क्लॅम्प लावून फोन बसवला तर फळा थोडा तिरका दिसेल, पण वाचता येतो.

अजून एक. फळा अख्खा वापरायची गरज नाही. मधले सहा फूट रेघ मारून ठरवा, तेवढ्यातच लिहा, फोन तेवढ्यावर रोखा. मग ७२०पीमध्येही (रुंदीला १२८० ठिपके) अक्षर ३५ ठिपक्यांचं होतं आणि फाइल निम्म्याहून लहान.

लिहिणाऱ्याने पाळायचं ते वेगळंच. लिहून झालं की एका बाजूला सरका, पाच-सात सेकंद फळा मोकळा राहू द्या, मगच पुसा. लाल आणि निळा खडू हिरव्या फळ्यावर डोळ्यांना दिसतो, व्हिडिओत बुडतो. पांढरा आणि पिवळा एवढेच ठेवा. ओल्या फडक्याने पुसलेला फळा अर्धा वाळलेला असताना लिहिलं तर ओल्या भागात खडू उमटत नाही आणि चकाकीही मारतो. कोरडा डस्टर बरा, किंवा तासाच्या आधीच ओलं पुसून वाळू द्यावं.

मलप्रभाकाठ
फळा_डस्टर सर, हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही मागच्या भिंतीलाच स्टँड लावायच्या बेतात होतो. चित्रात ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्याला काय करायचं? आणि सर फळ्यासमोर आले की चित्र एकदम काळवंडतं.

फळा_डस्टर
पट्ट्या विजेमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. फोन सेकंदाला ३० चित्रं (फ्रेम) आणि मनाला येईल त्या शटरने (एका चित्राला लागणारा वेळ) घेतो, म्हणून मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडा. हाताने सेटिंग करता येणारं कॅमेरा अ‍ॅप असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१००. स्वस्तातले काही एलईडी बल्ब मात्र कशानेच ऐकत नाहीत, ते फळ्याजवळून काढून ट्यूब लावा.

काळवंडणं पांढऱ्या शर्टामुळे. सुरुवातीला फळ्यावर एक ओळ लिहून त्या ओळीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग उजेड किंचित खाली ओढा. फळा गडद असल्याने फोन तो उजळ करायला जातो आणि खडूची रेघ फुगते. फळ्याच्या बाजूची खिडकी उघडी असेल तर पडदा टाका, नाहीतर वरचं काहीच लागू पडणार नाही.

टिळकवाडी_कॉमर्स
सगळं ठीक ओ, पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. रेकॉर्डिंग घरबसल्या मिळायला लागलं की वर्ग रिकामा होणार. ७५ टक्के हजेरीचं काय करणार?

गेस्ट_लेक्चरर
आणि गेस्ट लेक्चररचं काय करणार? यंदा माझा अख्खा अभ्यासक्रम रेकॉर्ड झाला, पुढच्या वर्षी मला बोलवायची गरज काय, असा विचार कुणी केला तर? तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला ही भीती खरी आहे. आधी कागद, मग माईक.

काळाकोट
गेस्ट_लेक्चरर यांचा मुद्दा हलक्यात घेऊ नका, कायदा बऱ्यापैकी त्यांच्या बाजूने आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये कलम २(क्यूक्यू) खाली ‘परफॉर्मर’ची व्याख्या आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी यांच्याच रांगेत ‘व्याख्यान देणारी व्यक्ती’ बसवलेली आहे. (स्टाफरूममध्ये कुणाला गारुड्याशेजारी बसायचं नसेल तर नाइलाज आहे.) कलम ३८ प्रमाणे परफॉर्मरचा हक्क ५० वर्षांचा. कलम ३९ मध्ये सूट आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हे उल्लंघन होत नाही. आपल्याच वर्गाच्या मुलांना देणं त्यात बसतं असं माझं मत. तेच जाहिराती लावून सगळ्यांना खुलं करणं, दुसऱ्या संस्थेला विकणं, शिक्षक गेल्यावर त्यांच्याऐवजी वापरणं यासाठी त्या सुटीवर विसंबू नये.

एका पानाचा करार करा. कुठला विषय, कुठलं सेमिस्टर, कुणाला मिळणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. निकाल लागल्यावर ३० दिवसांत पुसायचं, शिक्षकाची लेखी संमती असेल तरच पुढे ठेवायचं, असं एक वाक्य घाला. मधेच रेकॉर्डिंग थांबवायचा आणि देण्याआधी एखादा भाग कापायला सांगायचा अधिकार शिक्षकाचा. सही प्राचार्यांची आणि शिक्षकाची, प्रत दोघांकडे.

मुलांचं म्हणाल तर कॅमेरा फळ्याकडे, मुलांच्या चेहऱ्याकडे कधीच नाही. पहिल्या-दुसऱ्या बाकाच्या मध्ये फोन ठेवला की हे आपोआप साधतं. हजेरी घेताना रेकॉर्डिंग बंद. कुणाला मार्कांवरून किंवा फीवरून बोलायचं असेल तर तेही बंद. त्याच आवारात पीयूचे (अकरावी-बारावीचे) वर्ग असतील आणि तिथेही करणार असाल तर ती मुलं १८च्या खालची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ त्यांना बालक धरतो आणि पालकांची संमती मागतो. प्रवेशअर्जासोबत एक संमतीपत्र जोडणं हा सोपा मार्ग.

पुस्तकातला उतारा वर्गात वाचून दाखवणं, फळ्यावर लिहिणं कलम ५२(१)(आय) मध्ये चालतं. पण वर्गात लावलेला सिनेमाचा तुकडा किंवा गाणं रेकॉर्डिंगमधून काढा. यूट्यूबवर चढवलं तर त्यावर दावा येतोच.

शहापूरचा_माईक
टिळकवाडी सर, हजेरीवर एक तोडगा. अख्खा तास देऊच नका. ५५ मिनिटांत हजेरी, सूचना, फळा पुसणं, गप्पा वजा केल्या तर शिकवणं ३५-४० मिनिटांचं. तेवढंच द्या. प्रश्नोत्तरं, सोडवून घेतलेली उदाहरणं वर्गातच राहू द्या. ज्याला ती हवीत तो येतो.

टिळकवाडी_कॉमर्स
मग आठवड्याने द्या म्हणतो मी. लगेच दिलं तर सवय लागते.

ग्रंथालय_तळमजला
आठवड्याने दिलेलं कुणी ऐकत नाही सर. बस चुकलेल्या मुलीला आजचा तास उद्याच्या तासाआधी हवा असतो, नाहीतर उद्याचाही कळत नाही. द्यायचं तर त्याच संध्याकाळी.

देण्याबद्दल सांगते, कारण रेकॉर्डिंग होतं आणि मुलांपर्यंत पोचत नाही हेच जास्त ठिकाणी दिसतं. मुलांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यात घरातले सगळे. तुम्ही तासाची दोन जीबीची फाइल पाठवलीत तर कोण उतरवून घेणार? म्हणून प्रत्येक तासाच्या दोन गोष्टी करा. पहिली, फक्त आवाज, मोनो (एकाच पट्टीचा), ४८ केबीपीएसची (सेकंदाला ४८ किलोबिट) एम४ए फाइल, ५५ मिनिटांचे साधारण २० एमबी. दुसरी, फळा भरला की पुसण्याआधी काढलेले फोटो, एका तासाचे पाच-सहा. हे दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. फोटो आणि आवाज दोन्ही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि खडूचं लिखाण पुसट होतं. व्हिडिओचंही तसंच.

व्हिडिओ हवा असेल त्यांनी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डात किंवा ओटीजी (थेट फोनला लागणाऱ्या) पेनड्राइव्हमध्ये न्यावा. इंटरनेट लागत नाही. मुलांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, म्हणून तो कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका आणि फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवा. यूट्यूबवर टाकायचं झालं तर ‘अनलिस्टेड’, म्हणजे शोधून न सापडणारा, पण लिंक ज्याच्याकडे गेली तो बघू शकतो हे लक्षात ठेवा. नवीन खात्यावर फोन नंबर पडताळल्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, बरेच जण इथेच अडकतात. गुगल ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेलही आला.

फाइलला नाव देताना वर्ष-महिना-दिवस असा क्रम, मग विषय, मग युनिट, मग मुद्दा. नाहीतर पहिल्या महिन्यातच ‘रेकॉर्डिंग नवीन’, ‘रेकॉर्डिंग नवीन २’ असा ढीग होतो. आणि सोबत चार ओळींची टीप हवीच. ०३:१० घसाऱ्याची व्याख्या, ११:४० सरळ रेषा पद्धत, २४:०० उदाहरण १. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी अख्खा तास ऐकत बसत नाही, नेमकी जागा शोधतं.

लॅब_असिस्टंट_निपाणी
फाइलच्या बाबतीत काय काय बिघडतं ते लिहितो.

फोनचं १०८०पी रेकॉर्डिंग साधारण १७ मेगाबिटने होतं, म्हणजे ५५ मिनिटांचे ७ जीबी. दिवसाचे पाच तास म्हटलं तर ३५ जीबी. ३२ जीबीचं कार्ड पाचव्या तासातच भरतं आणि रेकॉर्डिंग गप्प बंद पडतं. म्हणून फोनमध्येच ७२०पी लावा, किंवा रोज संध्याकाळी लॅपटॉपवर उतरवून फोन रिकामा करा. कार्ड किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जातच नाही, कधी कधी ‘जागा नाही’ असा फसवा निरोप येतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

फाइल दाबायला, म्हणजे लहान करायला, हँडब्रेक हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. एच.२६४, ७२०पी, २५ फ्रेम, ‘कॉन्स्टंट’ फ्रेमरेट, क्वालिटी आरएफ २६ ते २८ (आकडा मोठा तितकी फाइल लहान), आवाज मोनो ६४. फळा हलत नसल्याने फाइल फार लहान होते, एका तासाला २०० ते ३०० एमबी. ‘कॉन्स्टंट’ करायला विसरू नका. फोन फ्रेमरेट आपल्या मनाने कमी-जास्त करतो, मग वेगळ्या फोनवर घेतलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि शेवटाला मागेपुढे होतो. क्रम असा : आधी हँडब्रेकमधून काढा, मग टाळी जुळवा. तरी शेवटाला थोडा फरक राहिलाच तर तासाच्या मध्ये अजून एक टाळी घेऊन दोन तुकड्यांत जुळवायचं. जुन्या लॅपटॉपला एक तास दाबायला एक-दीड तास लागू शकतो, रात्री लावून जा.

लाइट जाणं. लॅपटॉपवर ओबीएसने (स्क्रीन रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर) घेत असाल तर रेकॉर्डिंग साध्या एमपी४मध्ये घेऊ नका. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली की अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये घ्या, मग लाइट गेल्या क्षणापर्यंतचं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’ने मिनिटभरात एमपी४ होतं. फोनवर घेताना हेच भय फोन आल्याचं. विमान मोड लावा, कमी बॅटरीची बचत बंद करा, आणि निम्म्या तासाला एकदा थांबवून परत चालू करा, म्हणजे गेलं तर अर्धंच जाईल. सकाळच्या उन्हात खिडकीला लावलेला फोन तापून बंद पडतो, तेही बघा.

अकाउंटिंग कोर्सला टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शिकवताना प्रोजेक्टरच्या पडद्याचं शूटिंग करू नका. ओबीएसने स्क्रीनच घ्या, सेकंदाला १० फ्रेम पुरतात, माऊस दिसेल अशी खूण ठेवा. विंडोजचा मजकूर १२५ टक्के मोठा करून घ्या, मुलं तो सहा इंची फोनवर बघणार आहेत.

मलप्रभाकाठ
दुकानात बिनवायरचे दोन माईकचे सेट दाखवले, किंमतही बजेटमध्ये. ते घेतले तर खिशातल्या फोनची, टाळीची भानगड नको.

शहापूरचा_माईक
घ्या की, पण काय होतं ते माहीत असू द्या. स्वस्तातले सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वर्गातल्या मुलांचे वायफाय, ब्लूटूथ. सर फळ्याकडे वळून लिहायला लागले की अंग मध्ये येतं, आणि शरीर ही लाट शोषतं. नेमकं लिहिताना बोललेलं तुटतं. फोन १० फुटांवर असेल तर चालून जातं, २५ फुटांवर नाही. रिसीव्हर टाइप-सीच्या भोकात बसतो, म्हणजे फोन चार्ज करता येत नाही. ज्याच्या रिसीव्हरला चार्जिंगचं भोक आहे तोच घ्या. त्यावरचं ‘नॉइज’ बटण बंद ठेवा, ते पंख्याबरोबर शब्दांची शेपटंही खातं. लॉटरीसारखं एखादा सेट चांगला निघतो, पण मी तरी आधी वायरचाच घेईन.

कुठलाही असो, लावायची जागा ठरलेली : हनुवटीखाली एक वीत, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या पट्टीवर. ओळखपत्राची दोरी काढून ठेवा, ते कार्ड माईकवर आपटत राहतं. मॅडमनी पदराच्या निऱ्यांवर लावू नये, कापड घासतं. पिन मारलेल्या पदराच्या काठावर किंवा ब्लाउजच्या गळ्याला लावावा, मंगळसूत्र आणि ओढणी बाजूला राहतील असा. स्पंजची टोपी काढू नका, पंख्याचा वारा थेट बसला की भडभड येते. रेकॉर्डिंग अ‍ॅपमधली आवाजाची पट्टी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचली पाहिजे, लाल कधीच नाही.

सुरू केल्यावर पहिले दहा सेकंद कुणीच बोलू नका, नुसता पंखा रेकॉर्ड होऊ द्या. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा नमुना म्हणून दिला की ‘नॉइज रिडक्शन’ त्याच आवाजाला कापतं. ८ ते १० डेसिबलवर थांबा. २० वर नेलं की पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. त्याआधी १०० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास लावा, पंख्याची घरघर त्यातच निम्मी जाते.

मुलांचे प्रश्न माईकला ऐकू जात नाहीत. उत्तराआधी प्रश्न स्वतः एकदा म्हणा. नाहीतर ऐकणाऱ्याला ‘हो, पण तसं नाही’ एवढंच मिळतं.

फळा_डस्टर
आणि आकडे तोंडाने म्हणत लिहा. वर्गात अंध विद्यार्थी असेल तर त्याच्यासाठी तर हवंच, बाकीच्यांनाही २० एमबीच्या आवाजावर गणिताचा माग लागतो. ‘हे’, ‘ते’, ‘इथून’ म्हणायच्या जागी ‘दुसऱ्या ओळीतले ४५०’ म्हणायचं. पारिभाषिक शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्ही म्हणा, पेपर ज्या भाषेत येतो त्यातलं फळ्यावर लिहा. कन्नड माध्यमातून आलेली मुलं असतील तर त्यांचाही शब्द एकदा.

मलप्रभाकाठ
जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कसा असतो ते माहीतच आहे. कौलांवर बरं असतं, पण मागची एक खोली पत्र्याची.

शहापूरचा_माईक
पत्र्यावरचा जोराचा पाऊस कुठल्याच माईकला आवरत नाही. तो दर क्षणाला बदलतो, त्यामुळे नमुना देऊन कापण्याची युक्तीही चालत नाही. त्या खोलीत रेकॉर्ड करायचे तास तेवढे स्लॅबच्या खोलीत हलवा. नाहीच जमलं तर त्या दिवशीचा तास रेकॉर्ड करू नका. नंतर लायब्ररीत पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये बसून तोच भाग १२-१५ मिनिटांत बोला. पुस्तकं घुमारा खातात. खरं तर अशी छोटी रेकॉर्डिंगं वर्गातल्यापेक्षा जास्त ऐकली जातात, पण प्रत्येक तासाला जास्तीचा वेळ कुठला शिक्षक देणार.

गेस्ट_लेक्चरर
त्या १५ मिनिटांचं मानधन करारात लिहा म्हणजे देतील.

काळाकोट
लिहा. गंमत नाही, खरंच लिहा.

मलप्रभाकाठ
शेवटचं. संध्याकाळच्या वायरिंगच्या प्रॅक्टिकलला फळा नाही. बोर्ड, स्विच, हातातलं काम. तिथे काय करायचं? एकदा घेऊन बघितलं तर आवाजात ‘हूं’ असा सतत सूर येतोय.

लॅब_असिस्टंट_निपाणी
‘हूं’ विजेचा आहे, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. माईकची वायर विजेच्या वायरीला समांतर पडली किंवा फोन चार्जिंगला लावून रेकॉर्ड केलं की येतो. चार्जर काढा, पॉवर बँक वापरा. माईकची वायर मेनच्या वायरीला ओलांडायची झालीच तर काटकोनात. प्रॅक्टिकल बोर्डाची लाइन शिकवताना तशीही एमसीबी (लाइनचा सुरक्षा-स्विच) खाली, म्हणजे बंद हवी. ती खाली करताना आणि टेस्टरने तपासताना दोन्ही गोष्टी चित्रात घ्या, मुलं जे बघतील तेच करतील.

प्रॅक्टिकलचा अख्खा तास घेऊ नका. एक काम, एक तुकडा, तीन-चार मिनिटांचा : दोन ठिकाणाहून चालणारा जिन्याचा स्विच, इन्सुलेशन सोलणं, अर्थिंगची जोडणी. फोन टेबलाच्या वर दीड-दोन फुटांवर, लोखंडी स्टँडला किंवा लाकडी पट्टीला आडवा बांधून, तोंड खाली. शिकवणाऱ्याच्या खांद्यामागून घ्या, म्हणजे डावा-उजवा उलटा होत नाही. टेबलावर फिकट करडा कागद पसरा. पांढऱ्यावर काळी वायर दिसते पण हात काळे पडतात, आणि लाकडी टेबलावर तांबडी वायर हरवते. दिवा डाव्या बाजूने, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी स्क्रूवर पडते. फोकस कुलूपबंद करा, हात आला-गेला की तो भिरभिरतो. स्ट्रिपरने (वायर सोलायच्या हत्याराने) किती सोललं ते दाखवायला बाजूला स्टीलची पट्टी ठेवा. १० मि.मी. म्हटल्याने कळत नाही, पट्टीवर बघितलं की कळतं.